जोडाचा आवाज

रुळाचे दोन तुकडे वितळलेलं लोखंड ओतून सांधायला जागेश्वरला शिकवलं मी. तुमसर रोड स्टेशनला रेल्वेच्या ठेकेदाराच्या गँगमध्ये बारा वर्षं तो माझ्या हाताखाली होता. आणि परदेशात गेला कोण? तो! आशियातून युरोपात माल नेणारी लाइन कझाकस्तानात नवी करताहेत, तिथल्या एका कंपनीला वेल्डर हवे होते. वय पंचेचाळिसाच्या आत. मी सत्तेचाळीसचा. म्हणजे विद्या माझी आणि विमान त्याचं.

त्याची बायको रश्मी रोज आमच्या अंगणात येऊन त्याचे बर्फातले फोटो दाखवायची.

"थे टोपी पाहा जी, कशी शोभते त्याले!" माझी बायको सत्यभामा म्हणायची.

माझ्या पोटात दुखायचं. खोटं कशाला बोलू?

मंगळवारी सकाळी मी कामावर निघालो, तर त्याचाच व्हिडिओ कॉल.

"भाऊ, हा जोड कसा वाजून राहिला, आयका जरा. मशीनवाले तपासाले उद्या येतीन, पन साहेब मालगाडी आज दुपारीच सोडतो म्हनते. मले तुमच्या कानाचा भरोसा हाय."

त्याने हातोडी मारली. चांगला जोड खणखणतो. हा बद्द वाजला. आत पोकळी राहिली होती, शंकाच नको. मी सांगणार, तेवढ्यात त्याने डोक्यावरची ती केसाळ टोपी सारखी केली.

"झकास," मी म्हणालो. "येकदम झकास."

फोन ठेवला. होऊ दे फजिती, येऊ दे परत, मग दाखव म्हणावं फोटो.

कामावर हातोडी घेतली. पहिला जोड खणखणला. दुसराही. तिसऱ्याला माझा हात उठेना. त्या गाडीतही कोणी ड्रायव्हर असणारच ना! फोन लावला, उचलेना. दुपार व्हायला आली तेव्हा पाचव्यांदा उचलला.

"जागेश्वर, थो जोड काप! बद्द वाजला होता. मी खोटं बोललो."

"मालूम हाय, भाऊ. सकाळीच कापला."

"तुले कसं समजलं?"

"बारा वर्षांत तुमी माह्या येकाबी जोडाले झकास नाही म्हटलं. बहुत झालं त 'चालते' म्हनाचे."

तिकडून हातोडीचा ठोका आला, खणखणीत.

"हा नवा जोड. आता सांगा."



"चालते," मी म्हणालो.