दोन रिंगा

शिंगणापुरात घराला दार नसतं, हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. पण दार नसलेल्या घरात फोनचं मशीन आलं तर त्याला कुलूप घालावं की नाही, हे शनिदेवानं कुणाला सांगून ठेवलेलं नव्हतं.

आप्पासाहेबांच्या घरात ते मशीन शहाण्णवच्या दिवाळीत आलं. आणलं जावयानं. हर्षलचं शेवगावात इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान होतं, आणि माणूस बोलायला असा की कडुलिंबही गोड म्हणून विकावा. घरात कुणी नसलं की मशीन फोन उचलतं, निरोप टेप करून ठेवतं, हे त्यानं सगळ्यांना समजावून सांगितलं. बाहेरून फोन करून आकडे दाबले, की तो निरोप कुठूनही ऐकता येतो.

"पण आप्पा, कंपनीचे आकडे सगळ्या मशीनला सारखेच असतात," तो म्हणाला. "ते बदलून तुमचे घालून घ्या."

आप्पा खो खो हसले. "आवो जावईबापू, आमच्या चौकटीला फळी न्हाई, कपाटाला कडी न्हाई. आन ह्या डबड्याला कुलूप घालू व्हय? देव काय म्हनंल?"

"बरं, राहू द्या," म्हणत हर्षलही हसला आणि फोनशेजारी वाकून मशीन जोडू लागला. काय जोडलं, काय फिरवलं, कुणी बघितलं नाही. जावयाच्या हाताकडे कोण बघतं?

पुढच्या श्रावणात त्याची बायको, आप्पांची वृषाली, लेकीला, चिमूला, काखेत मारून माहेरी आली. हर्षलनं तिच्यावर कधी हात उगारला नव्हता, आणि हीच तर पंचाईत होती. वळ नसले की लोक विचारतात, मग झालं काय? झालं एवढंच, की त्याला सगळं कळायचं. दिवसभर ती कुणाशी काय बोलली ते संध्याकाळी जेवताना तो तिच्याच शब्दांत म्हणून दाखवायचा. एकदा ती शेजारणीपाशी म्हणाली, माहेरी जाऊन राहावंसं वाटतं. रात्री भाकरी मोडता मोडता तो म्हणाला, "जा की. पण चिमू इथंच राहील. ती तुला परत दिसायची नाही." आवाज जराही चढला नाही. तो माल आणायला पुण्याला गेला त्या दिवशी ती निघाली.

तो न्यायला आला नाही, भांडलाही नाही. नुसते फोन करायचा. "चिमूला खोकला झालाय ना? मध देऊ नका, तिला सोसत नाही." दुसऱ्या दिवशी, "लाल फ्रॉक घट्ट झाला म्हणे. नवीन पाठवू का?" खोकला तर पहाटेच सुरू झाला होता, आणि फ्रॉकचं बोलणं आई नि तिच्यातलं.

वृषालीची आई राहीबाई म्हणाली, "देवाची वक्रदिष्ट हाय, दुसरं काय?" आप्पांना मात्र शेजारच्या गोजरबाईचा संशय आला. घरचा भेदी म्हणतात ना, तसं त्यांनी त्या बिचारीला धरलं आणि भर रस्त्यात नाही नाही ते बोलले. चार पिढ्यांचं शेजारपण एका दुपारीत मातीत गेलं. गोजरबाईनं येणं बंद केलं. हर्षलला कळायचं ते कळतच राहिलं.

फोनला आणखी एक खोड लागली होती. दोन रिंगा वाजायच्या आणि बंद. कुणी चुलीपासून हात पुसत उठेपर्यंत घर गप्प. आप्पा म्हणायचे, लाइनीत बिघाड हाय. मशीनवरचा बारका लाल दिवा तेवढा पेटलेला राहायचा, मग आपोआप विझायचा. दिव्याकडे कोण लक्ष देतं?

अखेर वृषालीनं मार्ग काढला. राहुरीला विद्यापीठाच्या ऑफिसात तिची वर्गमैत्रीण मोनिका नोकरीला होती. तिनं हॉस्टेलच्या मेसमध्ये काम बघून दिलं, राहायला स्वतःच्या घरातली मागची खोली दिली. ठरलं असं, की राहीबाईनं सकाळी डॉक्टरचं निमित्त करून चिमूला मोनिकाच्या घरी पोहोचवायचं आणि परत यायचं. वृषालीनं दुपारनंतर एकटीनं निघायचं. मायलेकी बरोबर दिसल्या, तर स्टँडवरून बातमी शेवगावला पोहोचायची. सगळं आदल्या संध्याकाळी बाहेरच्या खोलीत बसून, अगदी हळू आवाजात ठरलं. मध्येच दोन रिंगा वाजल्या. कुणी उठलंही नाही.

दुसऱ्या दिवशी आजी आणि नात गेल्या. आप्पा देवळाजवळच्या आपल्या दुकानात. वृषाली पिशवी भरत होती, तेवढ्यात फोन वाजला. या वेळी ती शेजारीच होती, लगेच उचलला. ऑफिसातून मोनिका बोलत होती.

"अगं, मगाशी लावला तर मशीननंच घेतला. दोन रिंगांत! आमच्या साहेबांच्या घरीही असलंच आहे. ते इथून फोन लावून खोलीतला आवाज ऐकतात. चोर-बिर आला का म्हणून."

"खोलीतला आवाज?" वृषालीला आपलाच आवाज परका वाटला.

"हो. आकडे दाबले की निरोप ऐकू येतो, आणखी एक बटण दाबलं की खोली."

वृषालीनं मशीन उलटं केलं. खाली कंपनीचे आकडे छापलेले होते. तिनं ते मोनिकाला वाचून दाखवले. "हे दाबून बघ बरं."

फोन ठेवला. दोन रिंगा वाजल्या, दिवा पेटला, जरा वेळानं विझला. मोनिकानं पुन्हा फोन केला तो वृषालीनं उचलला.

"घेत नाही गं. कुणीतरी आकडे बदललेत. तुमच्या घरात कुणी बदलले?"

कोण बदलणार? या घरात कडीसुद्धा लावता येत नव्हती कुणाला. शेवगावच्या घरातही तसंच मशीन होतं, स्वयंपाकघराच्या खिडकीत, हे वृषालीला आठवलं. गोजरबाईचं रडवेलं तोंड तिच्या डोळ्यांपुढे आलं.

"वायर काढ आणि खालची बॅटरीही काढ," मोनिका सांगत होती. "म्हणजे ते सगळं विसरतं. मग छापलेले आकडे दाबून आत जायचं आणि नवे घालायचे."

वृषालीनं फोन ठेवला आणि वायरीला हात घातला, तोच रिंग वाजली. दुसरी वाजली. बंद. दिवा पेटला.

ती दिव्यासमोर तशीच बसून राहिली. पलीकडे तो होता. ऐकत होता. तिला भीती वाटली, पण त्याच भीतीत एक दिलासाही होता. तो शेवगावात दुकानात बसून ऐकतोय, म्हणजे चिमूपाशी नाही. दिवा विझेपर्यंत ती हलली नाही. मग तिनं वायर उपटली, बॅटरी काढली, परत बसवली. छापलेले आकडे दाबले. मशीननं आत घेतलं. तिनं नवे आकडे घातले. त्या घराला लागलेलं ते पहिलं कुलूप. तिला त्याची लाज वाटली नाही.

मग तिनं मोनिकाच्या घरी फोन लावला. मोनिकाच्या आईनं, रतनबाईंनी उचलला. त्यांच्या पोटात काही राहत नाही, म्हणून मोनिकानं त्यांना यातलं काही सांगितलेलं नव्हतं.

"मावशी, चिमू काय करतेय?"

"लई खुशीत हाय बाई. बापाच्या मांडीवर बसलीय."

रतनबाई बोलतच होत्या.

"तुजी आई परत निगाली आन लगीच जावई आले बग. च्या पिला. आत्ता हितनंच तुमच्या घरी फोन लावत हुते, पर तिकडनं कोनी बोलतच न्हाई म्हनले. थांब, देते त्यांना."

"मावशी, देऊ नका! चिमूला आत..."

"वृषाली," हर्षलचा आवाज आला, नेहमीसारखा गोड. "मगाशी गप्प का होतीस? श्वास ऐकू येत होता तुझा."

त्यानं फोन ठेवला नाही. रिसीव्हर नुसता बाजूला ठेवला असावा, कारण सगळी खोली तिला ऐकू येऊ लागली. कपबशी, रतनबाईंचं "परत या बरं का", चिमूच्या चपला. "बाबा, गाडीत पुढं बसू?" चिमू विचारत होती. वृषाली ओरडली, पुन्हा ओरडली. तिकडे कुणाला ऐकू गेलं नाही.

फोन ठेवला तर मोनिकाला ऑफिसात लावता येत होता. ठेवला तर चिमूचा आवाज जात होता. बाहेर गाडी सुरू झाली, चिमू कशाला तरी हसली. गाडीचा आवाज पार विरून जाईपर्यंत वृषालीला फोन ठेवता आला नाही.