उजेडबाबांचं पाणी का नासलं?

"हिरवं बघा कसं हलतंय! जिवंत आहे हो!"

हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. टेबलावर काचेचा चंबू, त्यात हिरवंगार पाणी, आणि मागे पांढऱ्याशुभ्र सदऱ्यातले उजेडबाबा. "बाळांनो, याला ना मूळ, ना पान, ना माती. हा फक्त उजेडावर जगतो. मग तुम्हीच का पोटाचे गुलाम?" एवढं बोलून बाबा शेजारच्या आपल्या काचेच्या जगमधलं 'उन्हात ठेवलेलं पाणी' घोटभर प्यायले. म्हणे त्यांना दुसरं काही लागतच नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला.

मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. चंबू माझा होता. वाक्यही माझंच होतं.

मी प्रयोगशाळेत वनस्पतींच्या सुट्या पेशी वाढवते. एरवी त्यांना साखर घालावी लागते. आमच्या पेशी साखरेवाचून, प्रकाशात आपलं अन्न आपणच बनवू लागल्या, तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं. एक चंबू घरी आणला आणि आईला ऐटीत म्हणाले, "बघ, फक्त उजेडावर जगतात!" आईने तो कौतुकाने बाबांना नेऊन दिला आणि स्वतः जेवण सोडलं. आता ती पहिल्या रांगेत बसली होती. मनगटावरचं घड्याळ सैल होऊन कोपराकडे घसरत होतं.

"आई, दोन घास खा गं," मी रोज हातापाया पडत होते.

"तूच म्हणालीस ना? त्या हिरव्या पेशींना जमतं, मग मला का नाही जमणार?"

मी ताट झाकून ठेवलं.

मध्यंतरी बाबा परगावी गेले, तेव्हा मी चंबू परत आणायला हॉलवर गेले. झाडणाऱ्या बाईंनी दार उघडून दिलं. टेबलावर पाण्याचे दोन काचेचे जग तसेच पडले होते. भक्तांना घोट घोट वाटतात त्या जगमधलं पाणी नितळ होतं. बाबांच्या जगावर पांढरी साय धरली होती आणि आंबूस वास मारत होता. आमच्या कामात हे बघताक्षणी कळतं. साखरेच्या चंबूचं झाकण जरा सैल राहिलं, की बुरशी धरलीच. बिनसाखरेचा इतक्या सहज नासत नाही.

पुढच्या बैठकीला मी जपून ठेवलेले ते दोन्ही जग सगळ्यांसमोर धरले. "बाबा, ऊन एकच, पाणी एकच. मग तुमचंच का नासलं?"

"नजर लागली कुणाची तरी!" बाबा गरजले.

"बरं. मग तुमचं आजचं ताजं पाणी या बेकरीवाल्या मावशींना चाखू द्या."

बाबा आपल्या ताज्या जगकडे झेपावले, पण मावशी काही कमी नव्हत्या. एक घोट घेतला आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "अगं बाई! हा तर पाक आहे! मी केकवर ओतते तसला!"

हॉल हसून लोटपोट झाला. बाबा मागच्या दाराने कधी सटकले, कळलंही नाही. खोलीत दार लावून आणखी काय काय चापत होते, ते त्यांचं त्यांना माहीत.

आई तेवढी हसली नाही. "आणि तुझा चंबू? तोही खोटाच?"

"चंबू खरा आहे, आई. मी अर्धंच सांगितलं. आम्ही त्या पेशींना पाण्यातून क्षार देतो, हवेतून कार्बन डायऑक्साइड देतो. त्यातून त्या उजेडात साखर करतात. हिरव्या पेशीच्या पोटातच स्वयंपाकघर असतं. तुझ्या-माझ्या नाही."

"मग 'फक्त' का म्हणालीस गं?"

"ऐट मिरवायला." सगळ्यांसमोर मला रडू फुटलं.

चमत्कार सांगणारा 'फक्त' म्हणाला, की विचारा: आणखी काय लागतं? तो बाबा असो, नाहीतर पांढरा कोट घातलेली माझ्यासारखी शहाणी. उत्तर मिळेपर्यंत जेवण सोडू नका, औषधही सोडू नका.

एकदम जेवण नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं म्हणून मी आईला घरी चमच्याचमच्याने कोमट दूध पाजत होते. तिने दुसरा चमचा तोंडाशी थांबवला.

"यात फक्त दूधच आहे ना?"

"नाही. थोडी साखर आहे. पाणीही घातलंय."

"हं," आई म्हणाली, "आता सगळं सांगतेस." आणि तिने तोंड उघडलं.