सोल्दाटची लापशी

कळपातली करडं एकेक करून नाहीशी व्हायला लागली, तेव्हा ओटिलिएनं आधी कोल्ह्याला शिव्या घातल्या, मग चित्त्याला. पण कुंपणापाशी ना कसला माग, ना रक्ताचा थेंब. शिव्या द्यायला कोणी उरेना, तेव्हा तिची नजर सोल्दाटवर गेली, आणि तिचं तिलाच वाईट वाटलं.

सोल्दाट हा कळप राखणारा कुत्रा. आईचं दूध सुटताच त्याला शेळ्यांत सोडलं होतं, आपणही शेळीच आहोत असं त्याला वाटावं म्हणून. खोरिक्सास गावाच्या माळावर असा कुत्रा कोणी कुरवाळत नाही, हातानं भरवत नाही. लाड झाले की तो माणसांमागे लागतो आणि शेळ्या वाऱ्यावर. यापायी ओटिलिएनं स्वतःच्या पोरांना धपाटे घातले होते. मक्याच्या लापशीचं भांडं कुंपणाआत ठेवायचं आणि पाठ फिरवायची, एवढंच.

आता तो लापशीला तोंड लावत नव्हता. तरी चांगला गुबगुबीत झाला होता.

"वहिनी, आणखी काय पुरावा हवाय?" धाकटा दीर विलेम म्हणाला. "लापशी नको, अन् अंगावर मांस चढतंय. करडं खातोय तो! दादा तिकडे खाणीवर, तुम्ही एकट्या. मी घालतो गोळी."

"माझ्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय नाही."

"बघा, बघा. कळप संपला की निवांत बघत बसा."

वहिनीचा एवढा कळवळा विलेमला आजवर कधी आला नव्हता. या माणसानं कधी पाण्याची बादली उचलून दिली नव्हती. तिच्या मनात पाल चुकचुकली. पण भरलेल्या भांड्याचं काय? तिला रडू आलं. कुत्रा गेला तर कळप चित्त्यांच्या पोटात जाणार, राहिला तर कुत्र्याच्या.

सकाळी आणखी एक करडू कमी भरलं. तिनं होकारार्थी मान हलवली आणि विलेम बंदूक घेऊन आला.

सोल्दाट शेळ्यांच्या मधोमध पडला होता. ओटिलिएकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. विलेम दिसताच मात्र उठला आणि शेपूट हलवत थेट त्याच्यापाशी आला. विलेमनं काडतुसासाठी खिशात हात घातला.

हात खिशात गेला मात्र, सोल्दाट खाली बसला. पाय जुळवून, शहाण्या पोरासारखा, खिशाकडे बघत. तोंडातून लाळ गळत होती.

"हट्! चल, हो बाजूला!" विलेमनं लाथ उगारली. सोल्दाट जागचा हलला नाही.

ओटिलिए पुढे झाली. तिनं बंदुकीच्या नळीवर हात ठेवून ती खाली दाबली.

"भावजी, याला बसायला कोणी शिकवलं?"

विलेमचा हात खिशातून बाहेर येईना.

"आणि मांस कशाचं चारलंत? माझ्याच करडांचं?"