ग्रहणाने खाल्लेली पोर

मंगळवारी सकाळी एउलालियाबाईंनी तव्यावर मक्याच्या पातळ तोर्तिया शेकल्या, कोंबडीचा रस्सा गरम केला आणि सुनेच्या खाटेशी आणून ठेवला. बाळंतिणीने चाळीस दिवस घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, गार खायचं नाही, अंगाला वारा लागू द्यायचा नाही, हा वस्तीतला नेम. एउलालियाबाईंनी आपल्या सगळ्या बाळंतपणांत तो पाळला होता. नेरेइदाने वाडगा हातात घेतला खरा, पण तिचं सारं लक्ष मांडीवरच्या अंपारोकडे होतं. पोरीने बाटलीला तोंड लावलं, थोडं चोखलं आणि सगळं दूध नाकातून परत आलं.

अंपारोचा वरचा ओठ जन्मतःच दुभंगलेला होता. आत टाळूलाही फट होती. दवाखान्यातून निघताना नर्सने एक मऊ, दाबून दूध सोडायची बाटली दिली होती आणि ती कशी वापरायची तेही दाखवलं होतं. पण नेरेइदा तेव्हा बाळंतपणाच्या ऑपरेशनच्या गुंगीत होती, तिच्या काही ध्यानात राहिलं नाही. बाळाचा बाप एरिबेर्तो राज्याच्या दुसऱ्या टोकाला, ओडेसाला तेलविहिरींवर कामाला. फोनवर तो एवढंच म्हणायचा, "आई सांगते तसं कर."

"ग्रहणाने खाल्लं गं हिला," एउलालियाबाई नातीचं नाक पुसत म्हणाल्या. "पोटावर लाल फीत आणि सेफ्टी पिन बांधली असतीस तर आज ही वेळ आली नसती. पण तुला त्या दिवशी मैत्रिणींबरोबर अंगणात उभं राहून सूर्य बघायचा होता!"

"आई, तेव्हा मला दिवस गेलेत हेच कुठे ठाऊक होतं?"

"बाईमाणसाला कळतं. जिला कळत नाही, तिची अशी गत होते."

या एका समजुतीने सीमेवरच्या रिओ ग्रांदे नदीकाठच्या किती बायकांना आयुष्यभर मान खाली घालायला लावली असेल! बाळाचा ओठ दिसला की लोकांना आईचा गुन्हा दिसतो. मग बाळाचं तोंडच झाकून टाकायचं. शेजारीणपाजारीण बघायला आली की "झोपलीय" म्हणायचं. डॉक्टरने दिलेली तारीखसुद्धा चाळीस दिवसांपलीकडे ढकलायची. एउलालियाबाईंनी हे सगळं केलं, आणि घराण्याची अब्रू राखतोय अशाच समजुतीने केलं.

दुपारी दार वाजलं. बाहेर गळ्यात ओळखपत्र घातलेली एक मध्यमवयीन बाई उभी होती.

"मी ओदिलिया त्रेविन्यो. व्यंग घेऊन जन्मलेल्या बाळांची राज्यात नोंद होते, तिथून मला नावं मिळतात. घाबरू नका, मी काही पोलीस नाही, कुणाचे या देशात राहायचे कागद बघायला आलेले नाही. बाळाला दूध कसं पाजायचं ते शिकवणारी बाई तुमच्या घरी पाठवते. पैसे पडत नाहीत."

"घर चुकलात तुम्ही. इथे बाळबीळ नाही."

तेवढ्यात आतून अंपारो खोकली आणि रडू लागली.

"मग ते कोण रडतंय?"

"टीव्ही!" म्हणत एउलालियाबाईंनी दार लावून घेतलं.

नेरेइदाने शब्द न् शब्द ऐकला होता. खाटेवरून एक हाक मारली असती तर ती बाई थांबली असती. हाक ओठांपर्यंत आलीही होती. पण तिला मनोमन वाटत होतं की पोरीचं आपणच वाटोळं केलं आहे, आता मदत मागायची तरी कुठल्या तोंडाने? ओदिलिया पुढच्या आठवड्यात पुन्हा आली. तेव्हाही तिला दाराच्या फटीत फोन नंबरची चिठ्ठी खोचून परतावं लागलं.

एउलालियाबाई काही दुष्ट नव्हत्या. नातीला आडवी मांडीवर घेऊन त्या तासन् तास चमच्याने दूध पाजत. चमच्यागणिक एकेका संताचं नाव घेत. पोर आडवी असल्यामुळे दुधाचा थोडा थोडा अंश छातीत उतरत होता, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. जी सांगायला आली होती, तिला त्यांनीच घालवून दिलं होतं. अंपारोचं अंग तापलं, बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या, तेव्हा कुठे नेरेइदाने नेम मोडला आणि पोरीला उचलून शेजाऱ्याच्या गाडीत घातलं. दवाखाना गाठेपर्यंत उशीर झाला होता.

"फुप्फुसात दूध गेलं होतं," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "हिला उभी धरून, थांबत थांबत पाजायला हवं होतं. घरी शिकवायला कुणीच आलं नाही का?"



पोरीला पुरल्यावर रीतीप्रमाणे नऊ संध्याकाळ घरात प्रार्थना होती. बायका जपमाळा घेऊन जमायच्या, दालचिनीची कॉफी प्यायच्या आणि कुजबुजायच्या. शेवटच्या दिवशी एकीने नेरेइदाच्या पाठीवरून हात फिरवला. "सुटली बिचारी, असं समज. ग्रहणाने खाल्लेलं पोर कधी धार्जिणं असतं का? मागच्या गल्लीत सेफेरिनाच्या नातवाचंही तसंच आहे म्हणे. आतच ठेवलाय त्याला."

नेरेइदा उठून उभी राहिली. तिचा आवाज सगळ्या खोलीला ऐकू गेला. "माझ्या पोरीला ग्रहणाने नाही खाल्लं. ओठ फाटला म्हणून ती मेली नाही. दारात मदत आली होती आणि आपण दार लावून घेतलं. आईंनी लावलं आणि मी लावू दिलं."

"नेरेइदा!" एउलालियाबाई ओरडल्या, आणि मग हातातली जपमाळ तोंडाशी धरून हमसाहमशी रडू लागल्या. "मला वाटलं, चाळीस दिवस काढेल गं पोरगी. एकदा चाळीस दिवस सरले की नेऊ, म्हटलं…"

त्यांना जवळ घ्यावंसं नेरेइदाला वाटलं, पण त्या दिवशी ते तिच्याने झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ती चिठ्ठी शोधून ओदिलियाला फोन लावला. ओदिलिया आली, आणि अंपारो गेल्याचं ऐकून पायरीवरच डोळे टिपत उभी राहिली.

"चला माझ्याबरोबर, मागच्या गल्लीत," नेरेइदा म्हणाली.

"पोरी, दुसऱ्या कुणाच्या बाळाबद्दल मला बोलता येत नाही. आमच्याकडे कुणाचं नाव आहे, कुणाचं नाही, काहीच सांगता येत नाही."

"तुम्ही काही सांगू नका. मला घर ठाऊक आहे."

सेफेरिनाने दार बोटभर उघडलं. मागे उभी असलेली ओदिलिया आणि तिच्या गळ्यातलं ओळखपत्र दिसताच ती खेकसली, "आम्हाला काही नको!"

"मावशी, मी एउलालियाबाईंची सून. माझी मुलगी पुरून आलेय."

 सेफेरिनाच्या मागे अंधाऱ्या खोलीत एक तरुण आई बाळाला छातीशी घेऊन उभी होती. बाळाचं तोंड तिने रुमालाने झाकलं होतं. नेरेइदा सेफेरिनाशी बोलायचं सोडून सरळ त्या मुलीकडे बघत म्हणाली, "ऐक. तुझं काही चुकलेलं नाही. ही बाई पाजायला शिकवणारी माणसं आणते. माझ्याकडेही आली होती. तुझ्या सासूने नाही म्हटलं तरी तू हाक मार. मी मारली नाही."