शालनबाई अखेर बोलल्या

मी 'असह्य' बोलतोय. बोलावं की नाही, याचा बराच विचार करून बोलतोय. जे सोसता येत नाही ते सांगायचं, एवढंच शब्द म्हणून माझं काम. पण ते मला नीट जमतं का, याची अलीकडे खात्री वाटेनाशी झाली होती.

रहाटणीच्या चौकात सिग्नल लाल झाला की कुणीतरी म्हणतं, "असह्य ट्रॅफिक आहे राव!" आणि हिरवा होईपर्यंत मोबाइल बघून हसत बसतं. सोसायटीच्या ग्रुपवर शेजाऱ्यांची डोअरबेल असह्य, लग्नातलं पनीर असह्य. मग खऱ्या वेळी माझ्यावर कोण विश्वास ठेवणार, ही धास्ती मला लागली.

ज्यांना माझी गरज होती, ते तर माझं नावही काढत नव्हते.

शालनबाई लातूरकडच्या. चाकणच्या एका कारखान्यात गाड्यांच्या वायरी जुळवायच्या. सुपरवायझर ज्योतीराम लाइनवरून फिरताना विचारायचा, "जमतंय ना?" हात न थांबवता सगळ्यांनी म्हणायचं, "जमतंय." अकरा वर्षांत शालनबाईंनी दुसरं उत्तर दिलं नव्हतं.

गेल्या महिन्यात एका सकाळी त्यांच्या पोटात कळ उठली. दुपारपर्यंत अंग घामानं भिजलं.

"ताई, तोंड पांढरंफटक पडलंय तुमचं," लाइनवर शेजारी काम करणारी नजमुन्निसा म्हणाली.

"जरा दुखायलंय. जमतंय."

शिफ्ट सुटल्यावर नजमुन्निसानं त्यांना ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टर स्वरूपांनी विचारलं, "कितपत दुखतंय?"

"जमतंय," शालनबाई सवयीनं म्हणाल्या.

डॉक्टरांनी गोळ्या लिहायला पेन उचललं. मी कासावीस झालो.

"अहो ताई, इथं ज्योतीराम नाही!" नजमुन्निसा उखडली. "डॉक्टरसमोर कसली हाजिरी देताय? खरं सांगा की!"

शालनबाईंनी टेबलाची कड घट्ट धरली. "सोसंना बाई आता. सकाळपासून सोसंना."

तो मी नव्हतो. मी पुस्तकी पडलो. क्षणभर वाईट वाटलं. पण डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं, पोट दाबून पाहिलं आणि लगेच मोठ्या हॉस्पिटलला फोन लावला: "अपेंडिक्स वाटतंय. असह्य वेदना आहेत. पाठवतेय, तयारी ठेवा."

पलीकडच्यांनी एकही शंका काढली नाही. इतका वापरला गेलो, तरी माझ्यावर विश्वास ठेवला गेला. केवढं हायसं वाटलं मला!

ऑपरेशन वेळेत झालं. शालनबाई आता दिघीला घरी आहेत. माझं एवढंच मागणं आहे: सिग्नलपाशी मला जरा कमी बोलवा, आणि खरंच सोसेनासं झालं की लाजू नका. मी नाही आठवलो तरी चालेल, तुमच्या घरच्या शब्दात सांगा.

काल ज्योतीराम सफरचंदं घेऊन भेटायला आला. सवयीनं म्हणाला, "काय शालनताई, जमतंय ना?"

"न्हाई," शालनबाई म्हणाल्या. "अजून पंधरा दिवस न्हाई जमत."