काळ्या काचेमागचा आवाज

मित्रांनो, मलकापुरात हमरस्त्यालगत अल्फियाचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. तिच्या काउंटरखालच्या खणात राहणारा मी एक यूएसबी-सी हब. राखाडी धातूचं चपटं अंग, वीतभर वायरीची शेपटी आणि कडेला रांगेनं खाचा, एवढाच माझा संसार. हल्लीच्या फोनला आणि लॅपटॉपला एकच तोंड असतं. माझी शेपटी त्या तोंडात घातली की माझ्या खाचांना माउस, टीव्ही, पेनड्राइव्ह, चार्जर असं सगळं जोडता येतं. यंत्रांमध्ये जे काही ये-जा करतं, ते माझ्या पोटातून जातं.

दूरच्या एका कारखान्यात मी जन्मलो. पुढे या दुकानाच्या खिळ्यावर येऊन लटकलो. शेजारी आणखी दोन हब होते. एक पांढरा प्लास्टिकचा, एक लांबट काळा. येणारा जाणारा फक्त विचारायचा, "खाचा किती हायत?" पांढऱ्याला सर्वांत जास्त, म्हणून कौतुक त्याचंच. माझ्या खोक्याचा रंग उन्हानं उडाला, तरी मला कुणी हात लावला नाही.

श्रावण सरत आला होता. अशाच एका दुपारी सोनम आपल्या वडिलांना हाताला धरून घेऊन आली. तिचं सासर मलकापुरातच. वडील दादासो माण तालुक्यातल्या एका वस्तीवर मेंढरं राखायचे. त्यांच्या एका डोळ्यात दुधासारखा पडदा आलेला होता. त्यांनी कोपरीच्या आतून रुमालात गुंडाळलेला फोन काढला. त्याची काच ठार काळी होती.

"ताई, ह्यातला आवाज पुसून टाकायचाय," सोनम म्हणाली.

"पुसायचा न्हाई," म्हातारा गुरकावला. "जपून ठिवायचा."

"आधी कसला आवाज, ते तरी सांगा," अल्फिया म्हणाली.

सोनमनं स्वर खाली आणला. "आय उन्हाळ्यात गेली. मेंढवाड्यातच कोसळली. हातातला फोन दगडावर आपटला, तवापास्नं काच अशी हाय. पण रोज दिवस बुडला की आतनं आय बोलती. म्हणती, 'आवं, आलासा का?' आबांनी 'आलो' म्हणलं की गप. न्हाई म्हणलं तर परत इचारती."

अल्फियानं फोन हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला.

"लोक म्हणत्यात, हिरीत टाका," सोनम पुढे म्हणाली. "आबांच्या डोळ्याचं आपरेशन ऱ्हायलंय. डाक्टर म्हणत्यात, आणखी उशीर केला तर डोळा जाईल. पण दिवस बुडायच्या आत वस्तीवर पायजे, म्हणून ह्ये कुटं मुक्कामाला ऱ्हात न्हाईत. आज कसंबसं आणलंय."

"ती इचारणार आन् मी तितं नसणार? घरी न पोचता 'आलो' कसं म्हणू?" दादासो म्हणाले. "रंगू कवा एकली ऱ्हायली न्हाई गं."

अल्फियाच्या हातावर काटा आलेला मी खिळ्यावरून पाहिला. तरी ती शांतपणे म्हणाली, "काकींनी स्वतःच्या आवाजात गजर लावला असेल. बघू या."

काचेवर काही दिसत नव्हतं, बोटाचा स्पर्शही कळत नव्हता. फोनचं चित्र बाहेर टीव्हीवर आणायचं आणि माउसनं तो चालवायचा, हाच उपाय. तिनं आधी पांढऱ्याला जोडलं. त्याला खाचा भरपूर, पण चित्र बाहेर नेणारी एकही नव्हती. मग काळ्याला. चित्र आलं, सोनमच्या आईचा हसरा फोटो टीव्हीवर उमटला आणि लगेच विझला. फोनची बॅटरी मरत आलेली. काळा चित्र दाखवी, पण त्याच वेळी वीज आत घेऊ शकत नव्हता.

तिनं मला उतरवलं. माझ्याकडे टीव्हीची खाच होती आणि चार्जरचीही. माझी शेपटी त्या फोनमध्ये शिरली, तेव्हा मला पहिल्यांदा थंडी म्हणजे काय ते कळलं. फोन गरम असतात, मित्रांनो. हा विहिरीच्या तळासारखा गार होता.

पण काम झालं. फोनला कुलूप नव्हतं. रंगुबाईंचे फोटो, मेंढरांना घातलेल्या हाका, नातवाशी बोललेलं लाडाचं बोलणं, सगळं माझ्या पोटातून टीव्हीवर गेलं आणि तिथून दुकानभर ऐकू आलं. अल्फियानं एक-एक आवाज पेनड्राइव्हवर उतरवून घेतला. सोनम पदरानं डोळे पुसत होती. आवाज पुसण्याची गोष्ट ती विसरूनच गेली.

शेवटी अल्फियानं गजर उघडले. एकही नव्हता. तिनं पुन्हा पाहिलं. मग ती वळून म्हणाली, "काका, तुम्ही सांगता तसं बोलणं ह्यात कुठंच नाही."

बाहेर दिवस बुडला, मगरिबची अजान झाली आणि संपली. रस्त्यावरचे दिवे लागले.

"आवं, आलासा का?"

टीव्ही मुका होता. आवाज टेबलावरच्या काळ्या काचेतून आला होता. मित्रांनो, मी जोडलेला असताना त्या फोनचा सगळा आवाज माझ्यातून टीव्हीकडे जायला हवा होता. माझ्या पोटातून त्या क्षणी काहीही गेलं नाही. मी शपथेवर सांगतो.

अल्फिया भिंतीला टेकली. दादासोंचे ओठ हलू लागले. सोनमनं त्यांचा हात घट्ट दाबून धरला.

"आवं, आलासा का?" आता आवाज जवळून आला.

"रंगू..." म्हातारा कळवळला. खोटं कसं बोलायचं? ते घरी पोचलेच नव्हते.

तेव्हा सोनम पुढे झाली. काचेवर वाकून ती म्हणाली, "आये, आबा वस्तीवर न्हाईत. माझ्याकडं आल्यात. आता हितंच ऱ्हातील, त्यांचा डोळा बरा करायचाय. मी हाय त्यांच्यापाशी. तू वाट बघत बसू नगंस."

मग त्या काचेमागून कुणीतरी लांब श्वास सोडला.

"बरं."

टीव्हीवरचं चित्र गेलं. मी पूर्ण वीज देत होतो, पण फोन ती घेईना. तो पुन्हा कधीच सुरू झाला नाही. दादासो लेकराप्रमाणे रडले, आणि रडून झाल्यावर सोनमचा हात धरून तिच्या घराकडे चालू लागले.

त्यांचा डोळा वाचला. मेंढरं त्यांच्या एका भाच्याकडे गेली. मला मात्र अल्फियानं परत खिळ्यावर टांगलं नाही. फुटक्या फोनांतलं काही वाचवायचं असलं की ती मलाच काढते. गिऱ्हाइकं घाईनं वायर ओढतात, त्यामुळे माझी मान आता उसवत चालली आहे.

मित्रांनो, हब घेताना नुसत्या खाचा मोजू नका. आपलं काम काय आहे ते आधी स्वतःला विचारा. काढताना वायर खेचू नका, टोकाला धरा. आणि घरातल्या माणसांचे आवाज ती असतानाच दुसरीकडे उतरवून ठेवा.

अजून एक सांगतो. दिवस बुडताना माझ्या शेपटीचं टोक आपोआप गार पडतं. त्या वेळी त्याला काहीच जोडलेलं नसतं. अल्फिया ते मुठीत धरून ऊब येईपर्यंत थांबते, आणि मग खण लावून घेते.