लाल गोल

पेपर हातात पडला तसा अनुपमाने तो उलटा करून बाकावर ठेवला आणि वर पाण्याची बाटली ठेवली. उडून जाईल म्हणून नव्हे. पंतनगरच्या त्या वर्गातला पंखा नुसता आवाजापुरता फिरत होता. तिला तो पेपर बघायचाच नव्हता, एवढंच.

"काकू, बघा ना!" शेजारी बसणारी मनाली कुजबुजली. कॉलेजातली पोर, तोंडाला जरा म्हणून विसावा नाही.

"घरी बघेन गं."

"पहिलीच तर टेस्ट आहे. एवढं काय घाबरता यार!"

सत्तेचाळीस वर्षांच्या बाईला 'यार' म्हणतेय कार्टी! एरवी अनुपमा खळखळून हसली असती. आज तिने बाटली पेपरवर आणखी आत सरकवली. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं. हिचं तोंड तर याच दुधाने पोळलं होतं, सव्वीस वर्षांपूर्वी.

तेव्हा ती दर रविवारी मुलुंडला जपानी शिकायला जायची. त्यातली कांजी, म्हणजे एकेका अक्षरात अख्खा शब्द मावतो ती लिपी, तिला वेड लावायची. गणिताच्या चौकटीच्या वहीत एका चौकटीत एक अक्षर. झाड आणि त्याला टेकलेला माणूस काढला, की झाला 'विसावा'. गिरणी बंद पडल्यापासून बाबा घरीच होते. ते ब्लेडने तिच्या पेन्सिलींना टोक करून द्यायचे आणि खांद्यावरून बघत बसायचे. 'विसावा' बघून एकदा म्हणाले होते, "ह्या बरा आसा. माका पण जमतला." त्या दिवसांत घरात हसण्यासारखं फार काही नव्हतं, पण त्या वहीपाशी बापलेक हसायची.

मग एक जपानी बाई महिनाभरासाठी पाहुण्या म्हणून शिकवायला आल्या आणि जाता जाता त्यांनी तीस कांजींची परीक्षा घेतली. पेपर मिळाले त्या रविवारी अनुपमा तापाने अंथरुणात. वर्गातली एक मुलगी पेपर दारातच देऊन गेली, आणि तो नेमका पडला बाबांच्या हातात. सत्तावीस अक्षरांभोवती लाल गोल. बरोबरची खूण फक्त तीन ठिकाणी. त्यावर कडी म्हणजे पानाच्या मधोमध एक भलंमोठं लाल वेटोळं, बाईंनी वैतागून सगळं पानच गिरगटून टाकावं तसं. बाबा चौथी शिकलेले. पण गिरणीच्या हजेरीत लाल गोल म्हणजे खाडा, हे त्यांना पक्कं ठाऊक.

"ह्या आपल्या डोक्यातला नाय गो," ते म्हणाले होते. "सोड."

तिनेही तो कागद पाहिला, आणि सोडलं. वर्गात जाऊन विचारायचीसुद्धा लाज वाटली. पुढल्या वर्षी लग्न झालं, मग मुलगा, मग संसाराचा रगाडा. कुणी विचारलंच तर ती हसून सांगायची, "शिकत होते, पण मला डोकंच नव्हतं." इतक्यांदा सांगितलं की ते तिचं तिलाच खरं वाटायला लागलं.

यंदा मार्चमध्ये मात्र गंमत झाली. पवईच्या ज्या लॅबमध्ये ती रिसेप्शनवर असते, तिथे एका जपानी गृहस्थाने सवयीने फॉर्मवर आपलं नाव कांजीत लिहिलं. चूक लक्षात येऊन तो खोडणार, तोच हिच्या तोंडून आपसूक निघालं, "यामादा-सान." डोंगर आणि शेत. दोन्ही अक्षरं शेकडो वेळा गिरवलेली, विसरणार कशी? तो माणूस असा काही वाकला की अनुपमाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आठवड्याभरात तिने क्लासला नाव घातलं. आई गेल्यापासून बाबा तिच्याकडेच, भटवाडीला असतात. त्यांना तिने रात्री सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ब्लेड मागून घेतलं.

"मी बघू?" मनालीने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता बाटली उचलून पेपर सुलटा केला.

लाल. गोलच गोल, आणि मधोमध तेच मेलं वेटोळं! अनुपमाच्या तोंडचं पाणी पळालं.

"मॅडम!" जपानी कार्टूनं बघून बघून तयार झालेली मनाली जागेवरून ओरडलीच. "काकूंना हानामारू!"

वर्गात टाळ्या पडल्या.

"चेष्टा नको गं करू," अनुपमा कसंबसं म्हणाली.

गंधाली मॅडम तिच्या बाकापाशी आल्या. वयाने जेमतेम तिशीच्या, तीन वर्षं ओसाकात राहून आलेल्या.

"अनुपमाताई, चेष्टा कसली? अहो, हे फूल आहे. या बघा पाकळ्या. जपानात बरोबर उत्तराला गोल करतात, आणि चुकलेल्याला आपल्या बरोबरसारखी खूण. अगदी सुंदर काम असलं तर असं फूल काढतात. हानामारू म्हणतात त्याला. मी आधीच सांगायला हवं होतं."

"तिथे असंच असतं? पूर्वीपासून?"

"पूर्वीपासून. का हो?"

"काही नाही," अनुपमा म्हणाली आणि पेपरची घडी घालू लागली. घडी काही केल्या सरळ येईना.

स्टेशनचा पूल ओलांडून पश्चिमेला उतरेपर्यंत तिच्या अंगाची लाही लाही झाली होती. सत्तावीस! तीसपैकी सत्तावीस, आणि वर फूल! कपाळ माझं! जिला फूल मिळालं तिनेच वही माळ्यावर टाकली. राग त्या पेपर देऊन जाणाऱ्या मुलीचा आला, स्वतःच्या मुखदुर्बळपणाचा आला, पण सगळ्यात जास्त आला तो बाबांचा. कोणी सांगितलं होतं निकाल द्यायला? काय कळत होतं त्यांना? चढ चढताना तिने वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं: बाबा, बघा काय केलंत तुम्ही.

घरी आल्या आल्या तिने चपला काढल्या आणि थेट कपाट उघडलं. मार्कशीटांच्या फाईलच्या तळाशी तो जुना कागद होता. शाई फिकी झालेली, पण पाकळ्या मोजता येत होत्या. तो डाव्या हातात धरून ती बाहेरच्या खोलीत आली.

बाबा खिडकीपाशी बसून पेन्सिलीला टोक करत होते. हात एक्क्याऐंशी वर्षांचा. तरी टोक सुईसारखं. पुढ्यात वर्तमानपत्रावर कपच्यांचा ढीग.

"इलंस? पेपर गावलो?"

"हो. बघा." तिने नवा पेपर पुढे केला. जुना पाठीमागे होता, बोलून झालं की दाखवायला.

बाबांनी कागद उजेडात धरला. एकेका गोलावरून त्यांचं बोट सावकाश फिरलं. मधल्या फुलापाशी थांबलं.

"बाबा..."

"थांब गो." त्यांनी कागद मांडीवर ठेवला. "सगळा लालच आसा. आसांदे. गिरणीत पयल्या वर्षी मियां किती धागे तोडले, मोजदाद नाय. मुकादम रोज आरडायचो. म्हणान काय साचो सोडून घराक इलंय?"

ती त्यांच्यासमोर खाली टेकली.

"तेव्हा तुका मी सोड म्हटलंय," बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले. "बापाशीन तसा म्हणाक नको होता. चुकली तर चुकली, पोरगी शिकत होती. रोज नाय, पण आठावता माका."

वाक्य तिच्या ओठांवर होतं. पण हा माणूस सव्वीस वर्षं मनात ठेवलेलं आज बोलला होता. चुकणाऱ्या पोरीला थांबवलं, एवढंच दुःख त्याला पुरून उरलं होतं. न चुकणाऱ्या पोरीला थांबवलं, हे कळलं तर ते पेलायला आता त्याच्यापाशी दिवस तरी किती होते? तिचा राग कुठल्या कुठे गेला, आणि रडू मात्र आवरेना. पाठीमागच्या हाताने तिने जुना कागद चुरगळू न देता ओढणीत गुंडाळला.

"पुढच्या वेळी लाल गोल कमी येतील, बाबा," ती म्हणाली.

त्यांनी कपच्या झटकल्या आणि टोक केलेली पेन्सिल तिच्या हातात दिली.

"नाय कमी इले तरी जा."